'फूटप्रिंट' म्हणजे पाऊलखूण : एका शब्दाचा अभ्यास

आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग भरतो. एका रविवारी नववीतल्या एका मुलीने इंग्रजीच्या पुस्तकातील एका ओळीवर बोट ठेवले. तेथे 'कार्बन फूटप्रिंट' असे शब्द होते. तिने कोश पाहिला होता. कोशात 'फूटप्रिंट' म्हणजे पाऊलखूण असे दिले होते. तिने विचारले, "सर, कार्बनला पाय असतात का?" सारा वर्ग हसला. परंतु मागच्या सतरंजीवर बसलेले एक वयोवृद्ध उपासक हसले नाहीत. ते म्हणाले, "बाळा, आपल्या वाडवडलांना जमिनीवर पाऊलखूण ठेवायचीसुद्धा बंदी होती. तो शब्द नीट समजून घे."

त्या दिवशी वर्गात जी चर्चा झाली, ती आम्ही या लेखात क्रमाने मांडीत आहोत. शब्द इंग्रजी असला तरी त्याचा अभ्यास करता करता आपण धम्मापर्यंत, आपल्या इतिहासापर्यंत आणि आजच्या आपल्या जबाबदारीपर्यंत येऊन पोहोचतो, असा आमचा अनुभव आहे. विद्यार्थ्यांनी हा लेख वही-पेन्सिल घेऊन वाचावा, अशी विनंती आहे.

शब्दाची फोड

'फूटप्रिंट' हा जोडशब्द आहे. 'फूट' म्हणजे पाऊल आणि 'प्रिंट' म्हणजे ठसा. ओली माती, वाळू, चिखल, राख किंवा नुकतेच सारवलेले अंगण यांवर पाय पडला म्हणजे जो ठसा उमटतो, तो फूटप्रिंट. हा झाला शब्दशः अर्थ, म्हणजेच वाच्यार्थ. एखाद्या माणसाचा, वस्तूचा किंवा कृतीचा मागे राहणारा परिणाम, ही झाली त्याची लक्षणा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शब्दशः अर्थाने हा शब्द इंग्रजीत बहुधा अनेकवचनी येतो, कारण चालणाऱ्याची पावले एकामागून एक उमटतात. लाक्षणिक अर्थाने मात्र तो बहुधा एकवचनी येतो, कारण तेथे सगळ्या परिणामांची मिळून एक बेरीज अभिप्रेत असते.

याच कुळातील दुसरे शब्दही वेगळे ओळखता आले पाहिजेत. 'फूटस्टेप' म्हणजे चालताना टाकलेले पाऊल किंवा त्याचा आवाज. 'फूटहोल्ड' म्हणजे पाय रोवायला मिळालेली जागा. 'फूटपाथ' म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट. 'फूटनोट' म्हणजे पानाच्या तळाशी दिलेली टीप. आपण मराठीत 'बाबासाहेबांच्या पावलावर पाऊल ठेवून' असे म्हणतो. त्याचे इंग्रजी करताना अनेक विद्यार्थी 'फूटप्रिंट' लिहितात. इंग्रजीच्या रूढीप्रमाणे तेथे 'फूटस्टेप्स' हा शब्द येतो. परीक्षेत हा फरक उपयोगी पडेल.

मराठीही या बाबतीत गरीब नाही. पाऊलखूण, पदचिन्ह, ठसा, माग, पायवाट असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. हरवलेल्या जनावराचा 'माग काढतात'. काहीच खूण उरली नाही तर 'मागमूस लागत नाही'. नवी रीत सुरू करणाऱ्याने 'पायंडा पाडला' असे म्हणतात. म्हणजे पावलावरून परिणामाकडे जाण्याची ही चाल आपल्या बोलीतही जुनीच आहे.

माती, राख आणि चंद्र

आता शब्दशः अर्थाची काही उदाहरणे पाहू. आफ्रिकेतील टांझानिया देशात लाएटोली नावाचे ठिकाण आहे. तेथे १९७८ साली मेरी लीकी यांच्या पथकाला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सापडली. ती सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. राख पावसाने भिजली, तिच्यावरून आपले दूरचे पूर्वज चालत गेले, राख कडक झाली आणि वर आणखी थर साचून ठसे झाकले गेले. या पाऊलखुणांनी विज्ञानाला एक मोठी गोष्ट सांगितली. मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी माणसाचे पूर्वज दोन पायांवर ताठ चालत होते. माणूस कोणाच्या मुखातून जन्मला, कोणाच्या पायांतून जन्मला, या जुन्या कथांना ही राखेतली पावले जागा ठेवीत नाहीत. सर्वांचे पूर्वज एकाच मातीवरून चालत आले आहेत.

दुसरे उदाहरण चंद्राचे. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. बुटाच्या ठशाचे जे छायाचित्र जगभर छापले गेले, ते आर्मस्ट्राँगच्या पावलाचे आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो ठसा ऑल्ड्रिन यांच्या बुटाचा आहे. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, म्हणून ते ठसे दीर्घकाळ टिकतील. आपल्या भारताचे चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. त्यातून उतरलेल्या 'प्रज्ञान' या गाडीच्या मागच्या चाकांवर सारनाथच्या सिंहशीर्षाचे राजचिन्ह कोरलेले होते. सम्राट अशोकाने जेथे स्तंभ उभारला, त्या धम्मचक्रप्रवर्तनाच्या भूमीची खूण घेऊन ते चाक चंद्रावर फिरले, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

पालीतील 'पद'

इंग्रजीतून आता पालीकडे वळू. पाली भाषेत 'पद' हा शब्द विलक्षण व्यापक आहे. पद म्हणजे पाय, पद म्हणजे पाऊल, पद म्हणजे पाऊलखूण. पद म्हणजे स्थान, पद म्हणजे कारण आणि पद म्हणजे शब्दही. 'धम्मपद' या ग्रंथनामाचा अर्थ कोणी 'धम्माची वाट' असा करतात, तर कोणी 'धम्माची वचने' असा करतात. दोन्ही अर्थ त्या एका शब्दात बसतात. शब्द ही बोलणाऱ्याची पाऊलखूणच असते. बोलणारा पुढे निघून जातो आणि शब्द मागे राहतो.

धम्मपदाच्या अगदी आरंभी बैलाच्या पावलाचा दृष्टान्त आहे. दूषित मनाने केलेल्या कृतीमागून दुःख कसे येते? गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागून चाक येते तसे. बैलाला चाकापासून पळता येत नाही. त्यानंतरच्या गाथेत शुद्ध मनाने केलेल्या कृतीमागून सुख सावलीसारखे येते असे म्हटले आहे. हे कोणा देवाने दिलेले बक्षीस नाही किंवा शिक्षा नाही. कृती आणि परिणाम यांचा हा संबंध आहे. आज इंग्रजीत 'फूटप्रिंट' हा शब्द ज्या लाक्षणिक अर्थाने वापरतात, त्याचे बीज या दृष्टान्तात स्पष्ट दिसते.

त्याच ग्रंथात पाखराचाही दृष्टान्त आहे. पाखरू आकाशातून उडते, पण आकाशात त्याचा माग राहत नाही. ज्याची तृष्णा संपली, जो संग्रहाच्या मागे लागत नाही, त्या अर्हताची गतीही तशीच मागमूस न ठेवणारी असते. बैलामागचे चाक आणि पाखरामागचे मोकळे आकाश, हे दोन दृष्टान्त लक्षात ठेवावेत. लेखाच्या शेवटी ते आपल्याला लागणार आहेत.

हत्तीचे पाऊल

मज्झिमनिकायात 'चूळहत्थिपदोपम' नावाचे सुत्त आहे. नावाचा अर्थ, हत्तीच्या पावलाच्या उपमेचे लहान सुत्त. श्रावस्तीमध्ये जानुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाला पिलोतिक नावाचा परिव्राजक भेटतो. पिलोतिक तथागतांची फार स्तुती करतो. तो म्हणतो की, मोठमोठे विद्वान वाद घालायला म्हणून येतात आणि त्यांचे शिष्य होऊन जातात. हे पाहून, हत्तीचे मोठे पाऊल दिसावे तशी मला तथागतांच्या थोरवीची खात्री पटली.

जानुस्सोणि हे सारे तथागतांच्या कानावर घालतो. एखादा गुरू अशा स्तुतीने सुखावला असता. पण तथागत काय म्हणतात? ही उपमा पुरी झाली नाही. जंगलात हत्तीचा माग काढणारा शहाणा माणूस मोठे पाऊल पाहून लगेच 'केवढा मोठा हत्ती!' असे म्हणत नाही, कारण काही ठेंगण्या हत्तिणींचेही पाय मोठे असतात. तो माग काढीत पुढे जातो. उंचावर झाडाची साल घासलेली दिसते, तरी तो निर्णय देत नाही. सुळ्यांचे ओरखडे दिसतात, मोडलेल्या फांद्या दिसतात, तरी तो चालतच राहतो. शेवटी मोकळ्यावर उभा, बसलेला किंवा चालत असलेला हत्ती प्रत्यक्ष दिसतो, तेव्हाच तो म्हणतो, 'हाच तो मोठा हत्ती.' त्याचप्रमाणे साधकाने शील पाळावे, चित्त एकाग्र करावे, आणि स्वतः दुःखाचे मूळ जाणून मुक्तीचा अनुभव येईपर्यंत वाटेतल्या कोणत्याही टप्प्यावर थांबू नये.

स्वतःच्या स्तुतीचीसुद्धा चिकित्सा करायला सांगणारा असा शास्ता जगात विरळा.

हा उपदेश केवळ साधनेपुरता नाही, याचे एक अलीकडचे उदाहरण देतो. आपल्या देशात अनेक वर्षे वाघांची गणती पावलांच्या ठशांवरून होत असे. वनरक्षक ठसा शोधीत, काचेवर त्याची आकृती काढीत किंवा प्लास्टरचा साचा घेत, आणि त्यावरून वाघ मोजले जात. ताडोबा आणि मेळघाट या आपल्या जंगलांतील लोकांना ही पद्धत माहीत आहे. पुढे २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात वाघ उरलेलाच नाही, असे उघडकीला आले. कागदावरच्या गणतीत मात्र तेथे वाघ होते. त्यानंतर ठशांवर विसंबून राहणे सोडून स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघांची छायाचित्रे घेऊन, त्यांच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखण्याची पद्धत देशभर आली. हत्तीच्या पावलाच्या सुत्तात अडीच हजार वर्षांपूर्वी हेच सांगितले होते. खूण पाहा, पण खुणेवर थांबू नका.

हत्तीच्या पावलाची आणखी एक उपमा त्रिपिटकात आहे. जंगलातील सर्व प्राण्यांची पावले हत्तीच्या पावलात मावतात, तसे सर्व कुशल धम्म अप्रमादात, म्हणजे जागरूकतेत मावतात. महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना दिलेला शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच होता.

बुद्धपाद

सुरुवातीच्या काळातील बौद्ध शिल्पांत तथागतांची मूर्ती आढळत नाही. भारहूत, सांची, अमरावती येथील शिल्पकारांनी बोधिवृक्ष, धम्मचक्र, रिकामे आसन आणि पाऊलखुणा यांतून तथागतांचे अस्तित्व दाखविले. भारहूतच्या एका शिल्पात एक शिडी आहे. तिच्या वरच्या पायरीवर एक पाऊल आणि तळच्या पायरीवर एक पाऊल आहे. तेवढ्याने पाहणाऱ्याला कळते की कोणी तरी वरून खाली लोकांमध्ये उतरून आला आहे. भारहूतची ही शिल्पे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जतन केलेली आहेत. बुद्धगयेलाही दगडात कोरलेले बुद्धपाद आहेत.

श्रीलंकेत 'श्रीपाद' नावाचा डोंगर आहे. त्याची उंची २,२४३ मीटर आहे. शिखरावरील खडकात पावलासारखा आकार आहे. बौद्ध त्याला बुद्धांचे पाऊल मानतात, हिंदू शिवाचे मानतात, मुसलमान आदमचे मानतात, आणि काही ख्रिस्ती लोक संत थॉमसचे मानतात. खडक एकच, आकार एकच, पण ज्याने त्याने आपली श्रद्धा त्यात पाहिली. यावरून कोणाची टिंगल करण्याचे कारण नाही. त्या डोंगरावर सर्व धर्मांचे लोक एकाच वाटेने चढतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र आपण एवढा बोध घ्यावा की पाऊलखूण स्वतः बोलत नाही. तिला बोलते करणारी चिकित्सा आपणच करावी लागते.

अंगुत्तरनिकायात द्रोण, पालीत दोण, नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट येते. त्याला वाटेत चक्राची चिन्हे असलेली पावले दिसली. हे पाऊल माणसाचे नसणार असे त्याला वाटले. तो माग काढीत गेला तेव्हा एका झाडाखाली तथागत शांत बसलेले दिसले. त्याने विचारले, आपण देव होणार काय? गंधर्व होणार काय? यक्ष होणार काय? मनुष्य होणार काय? प्रत्येक प्रश्नाला तथागतांनी नकार दिला. ज्या मनोविकारांमुळे असे काही व्हावे लागते, ते मी मुळापासून तोडले आहेत. पाण्यात वाढूनही पाण्याने न भिजणाऱ्या कमळासारखा मी जगात राहतो. मला बुद्ध म्हणून ओळख, असे त्यांनी सांगितले. पावलावरच्या चक्रापाशी द्रोण थांबला असता तर त्याला फक्त चमत्कार मिळाला असता. तो पुढे गेला, त्याने प्रश्न विचारले, म्हणून त्याला बुद्ध भेटले. आपणही बुद्धपादांपुढे फुले वाहून थांबू नये. पाऊल ज्या दिशेने गेले ती दिशा पाहावी.

पुसलेली पावले

आता त्या वयोवृद्ध उपासकांच्या बोलण्याकडे येऊ. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी पेशवाईतील स्थितीचे वर्णन केले आहे. पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे. ज्या धुळीवरून तो चालला, ती धूळ त्या झाडूने मागच्या मागे झाडली जावी, कारण त्याच धुळीवर सवर्णाचा पाय पडला तर त्याला विटाळ होईल. थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे.

विद्यार्थी मित्रहो, या शिक्षेचा अर्थ समजून घ्या. इंग्रजीत १७१९ साली डॅनियल डिफो याने 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी लिहिली. निर्जन बेटावर एकट्या राहणाऱ्या क्रूसोला एके दिवशी वाळूत माणसाचे एक पाऊल दिसते आणि तो भीतीने गारठतो. त्याला भीती वाटली ती अनोळखी शत्रूची. येथे तर गावाची सेवा करणाऱ्या, गावातच जन्मलेल्या माणसाच्या पावलाची भीती घातली गेली. जनावरे रस्त्याने जात, त्यांचे खूर धुळीत उमटत, ते कोणी पुसत नसे. फक्त माणसाचे पाऊल पुसले जाई. ज्याला पाऊलखूण नाही, तो तेथून गेलाच नाही. तो रस्ता त्याचा नाही, ते गाव त्याचे नाही, तो इतिहास त्याचा नाही. असा त्या झाडूचा अर्थ होता.

पण पावले पुसता आली तरी चालणे थांबवता आले नाही. १८५५ साली मुक्ता साळवे या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या पत्रात छापून आला. 'पद' म्हणजे शब्दही, हे आपण वर पाहिले. छापलेल्या शब्दाची पाऊलखूण कोणत्याही झाडूने पुसता येत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, ते याच कारणासाठी.

पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने चालत चवदार तळ्यावर गेली. कायद्याने त्यांना तो हक्क मिळालेला होता. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. पण कागदावरचा हक्क पावलांनी चालून घ्यावा लागतो. त्या दिवशी तळ्याच्या काठावर जी पावले उमटली, ती आपल्या समाजाची पहिली सामुदायिक पाऊलखूण होय, असे आम्ही मानतो. त्यानंतर सभेहून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि सनातन्यांनी तळ्यात शेण-गोमूत्र मिसळलेले पाणी घागरींनी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. तोच जुना झाडू नव्या रूपाने पुन्हा आला. पण या वेळी पाऊल पुसले गेले नाही. कोर्टकचेरी झाली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली, परंतु पाऊल कायम झाले.

त्यानंतरची पावले आपणा सर्वांना ठाऊक आहेत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक धम्माच्या वाटेवर आले. त्यांतले कितीतरी जण गावाहून पायी आलेले होते.

आजचे लाक्षणिक अर्थ

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'फूटप्रिंट' या शब्दाला नवे अर्थ आले. इमारत किंवा यंत्र जमिनीची जेवढी जागा व्यापते, तिला त्याचे फूटप्रिंट म्हणू लागले. उपग्रहाचे संदेश पृथ्वीच्या जेवढ्या भागावर पोहोचतात, तो भाग म्हणजे उपग्रहाचे फूटप्रिंट.

१९९२ मध्ये कॅनडातील विल्यम रीस यांनी 'इकॉलॉजिकल फूटप्रिंट' ही कल्पना मांडली आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनॅगल यांच्यासह ती विकसित केली. एखाद्या माणसाला, शहराला किंवा देशाला अन्न, वस्त्र, लाकूड, इंधन पुरवायला आणि त्याचा कचरा जिरवायला किती जमीन आणि पाणी लागते, याचा तो हिशेब आहे. त्यातूनच पुढे 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द रूढ झाला. आपल्या वापरामुळे कार्बन डायऑक्साइड आणि त्यासारखे तापमान वाढविणारे वायू हवेत किती जातात, त्याचे हे माप आहे. ते टनांत मोजतात. तेव्हा कार्बनला पाय नाहीत. पाय आपले आहेत आणि ठसा हवेत उमटतो.

हे ठसे सारखे नाहीत. अमेरिकेतील माणसामागे वर्षाला सरासरी १४-१५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर भारतात माणसामागे तो सुमारे २ टन आहे. भारतातही मोटार आणि वातानुकूलित घर असलेल्याचा ठसा वेगळा आणि पायी कामावर जाणाऱ्या मजुराचा वेगळा. मात्र अवर्षण आले, पूर आला, उन्हाची लाट आली म्हणजे पहिला फटका त्या मजुरालाच बसतो. ज्याचे पाऊल सर्वांत हलके, त्याच्याच डोक्यावर दुसऱ्याच्या पावलाचा भार पडतो. हा अन्याय आपल्याला ओळखीचा वाटला पाहिजे.

हलके पाऊल कसे ठेवावे, हे विनयपिटकातील एका प्रसंगात दिसते. कौशांबीला राजा उदयनाच्या राण्यांनी भिक्खू आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली की हा श्रमण कापडाचे दुकान मांडणार की काय! त्याने आनंदांना विचारले, एवढ्या चीवरांचे काय करणार? ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटून देऊ. जुन्या चीवरांचे काय? अंथरुणावरचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. त्यांचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि जुन्या फडक्यांचे? त्यांचे तुकडे करून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. दानाचा एक धागाही वाया न घालविणारा हा हिशेब आहे. आपल्या घरातल्या आज्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवीत, तोही हाच धम्म होता.

अलीकडे 'डिजिटल फूटप्रिंट' हा शब्दही ऐकू येतो. मोबाइलवर आपण जे लिहितो, पाहतो, पाठवितो, त्याच्या नोंदी मागे राहतात. आपण पुसले तरी दुसऱ्याकडे ते राहिलेले असू शकते. रागाच्या भरात लिहिलेली एक शिवी, न तपासता पुढे पाठविलेली एक अफवा, ही बैलाच्या पावलामागच्या चाकासारखी नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आपल्या मागे येऊ शकते. अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा बोटांनाही लागू आहे, हे तरुणांनी ध्यानात घ्यावे.

कोठे ठळक, कोठे हलके

वर्गात शेवटी त्याच मुलीने आणखी एक प्रश्न केला. "आजोबा म्हणतात, पाऊलखूण पुसली हा अन्याय. पुस्तक म्हणते, पाऊलखूण कमी करा. मग खरे कोणते?"

आमच्या मते दोन्ही खरे आहे. दुसऱ्याने बळजबरीने पाऊल पुसायला लावणे ही गुलामी. स्वतः विचारपूर्वक पाऊल हलके ठेवणे ही प्रज्ञा. झाडू बांधलेल्या माणसामागे माग राहत नव्हता आणि अर्हताच्या मागेही राहत नाही. वरवर पाहता दोन्ही सारखे दिसते. परंतु पहिल्याचे माणूसपण हिरावून घेतले होते, आणि दुसऱ्याने आपली तृष्णा आपणहून टाकली आहे. ठेंगण्या हत्तिणीचे पाऊल आणि गजराजाचे पाऊल यांतला फरक ओळखावा, तसा हा फरक ओळखता आला पाहिजे. आपल्या माणसांना कोणी 'तुम्ही आहे त्यात समाधान माना, हक्क मागू नका' असे सांगू लागला, तर तो संयमाचा धम्म सांगत नसून जुना झाडू पुन्हा हातात देत आहे, हे समजावे.

म्हणून शिक्षणात, संघटनेत, पाणवठ्यावर, मतपेटीत, ग्रंथालयात, न्यायालयात आपले पाऊल ठळक उमटले पाहिजे. आपल्या वस्तीतील वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात, जुनी छायाचित्रे, जुनी पत्रके, दीक्षाभूमीला जाऊन आलेल्यांची नावे जतन करावीत. हे काम आपण केले नाही, तर झाडू नसतानाही आपली पावले पुसली जातील. दुसऱ्या बाजूने उधळपट्टीत, लग्नातील दिखाऊ खर्चात, विहाराच्या कार्यक्रमानंतर मैदानात पडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत, कर्कश आवाजात आपले पाऊल हलके असावे. मधमाशी फुलाचा रंग-गंध न बिघडविता रस घेते, तसे वागावे असे तथागतांनी सांगितले आहे.

बाबासाहेबांच्या पावलांचे आपण काय करतो? त्या पावलांवर फुले वाहणे सोपे आहे. त्या पावलांवरून चालणे कठीण आहे. ती पावले कोठून निघाली, कोठे थांबली, कोठे वळली याचा अभ्यास करीत चालणे सर्वांत कठीण, आणि तेच त्यांना अपेक्षित होते.

स्वाध्याय

१. 'फूटप्रिंट' आणि 'फूटस्टेप' यांतील फरक सांगून प्रत्येकाचे एक वाक्य करा.

२. पाऊल, माग, ठसा, पायंडा या शब्दांपासून तयार झालेले मराठी वाक्प्रचार गोळा करा.

३. हत्तीचा माग काढणारा माणूस पहिल्या पावलावर का थांबत नाही? आज मोबाइलवर आलेल्या बातमीला ही उपमा कशी लावाल?

४. आपल्या घरातील एक जुनी वस्तू घ्या. आनंदांच्या उत्तराप्रमाणे तिचा पुढे कसा कसा उपयोग करता येईल ते लिहा.

५. आपल्या आजी-आजोबांनी केलेला एक प्रवास त्यांच्याकडून ऐकून एका पानात लिहा. ते कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कशासाठी निघाले, ते नोंदवा. ही पाने आपण विहारातील ग्रंथालयात जपून ठेवणार आहोत.

नमो बुद्धाय! जय भीम!